क्लोरीनमध्ये साडेअठरा न्यूट्रॉन? अणूतले कण मोजताना पोरं अडतात ती जागा

शेजारच्या पोरीची चाचणी परीक्षेची उत्तरपत्रिका गेल्या आठवड्यात माझ्या हातात आली. नववीत आहे. विज्ञानाचा प्रश्न तसा साधा होता. क्लोरीनचा अणुअंक १७, अणुवस्तुमान ३५.५, तर त्याच्या अणूत प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन किती? पोरीनं लिहिलं, प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन १७, न्यूट्रॉन १८.५. शेवटच्या आकड्याभोवती लाल गोल आणि बाजूला शेरा, 'अर्धा न्यूट्रॉन असतो का?' एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण तो शेरा वर्गात मोठ्यानं वाचला गेला, पोरं हसली आणि तेव्हापासून तिला 'अर्धा न्यूट्रॉन' अशी हाक पडायला लागली. घरी येऊन तिनं सांगून टाकलं, अकरावीला सायन्स घ्यायचं नाही.

तिची आई संध्याकाळी वही घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही बातम्या लिहिता, बारावी सायन्स केलंय. पोरीचं नेमकं चुकलं काय तेवढं सांगा." आता मी बारावी सायन्स खरा, पण काठावरचा. त्यानंतर कांदा आणि बातम्या यातच पंचवीस वर्षं गेली. तरी दोन संध्याकाळी बसलो. तिचं आठवीचं पुस्तक माळ्यावरून काढलं, त्यात 'अणूचे अंतरंग' नावाचा धडा आहे, तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. आणि मग लक्षात आलं की पोरीची वजाबाकी बरोबर आहे. ३५.५ वजा १७ म्हणजे साडेअठराच. तिला दिलेला आकडाच वजाबाकीचा नव्हता. हे असं का, ते तालुक्यातल्या बाकीच्या पोरांना आणि पालकांनाही कळावं म्हणून हा लेख. वही-पेन जवळ ठेवूनच वाचा.

वावर आणि मोहरीचा दाणा

अणूत तीन प्रकारचे कण असतात. प्रोटॉनवर धन प्रभार म्हणजे प्लस, इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार म्हणजे मायनस, आणि न्यूट्रॉनवर काहीच नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मधोमध एकत्र घट्ट बसलेले असतात, त्या जागेला अणुकेंद्रक म्हणतात. इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या बाहेर असतात. वजनाला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळपास सारखे. इलेक्ट्रॉन मात्र इतका हलका की एका प्रोटॉनच्या वजनाला सुमारे १८३६ इलेक्ट्रॉन लागतील. म्हणून अणूचं वजन काढताना इलेक्ट्रॉन धरतच नाहीत. भरलेला ट्रॅक्टर वजनकाट्यावर घालताना ड्रायव्हरच्या खिशातल्या चिल्लरचा हिशेब कोणी करत नाही, तसंच.

अणूचा आकार डोळ्यासमोर यावा म्हणून एक हिशेब करू. एक एकराचं चौकोनी वावर धरा, त्याची बाजू साधारण ६४ मीटर येते. त्याच्या बरोबर मधे मोहरीचा एक दाणा ठेवा, दोन मिलीमीटरचा. दाणा म्हणजे केंद्रक आणि वावराची रुंदी म्हणजे अणूची रुंदी. अणू केंद्रकापेक्षा दहा हजार ते लाख पट रुंद असतो, आपला दाणा आणि वावर यांचं प्रमाण बत्तीस हजार पट येतं, म्हणजे अगदी त्या मापात. वजन सगळं त्या दाण्यात आणि बाकीचं वावर मोकळं. त्या मोकळ्या जागेत इलेक्ट्रॉन. पुस्तकातल्या चित्रात केंद्रक लिंबाएवढं आणि इलेक्ट्रॉन त्याच्या शेजारी काढलेले असतात. कागदाच्या सोयीसाठी ते ठीक आहे, पण अणू तसा दिसतो असं मानू नका.

हे शोधलं कोणी, याच्या सनावळ्या परीक्षेला येतात, त्या पटकन सांगतो. इलेक्ट्रॉन १८९७ साली थॉमसननं शोधला. १९११ साली रदरफोर्डनं सोन्याच्या पातळ पत्र्यावरच्या प्रयोगातून अणूला केंद्रक असतं हे मांडलं. न्यूट्रॉन सगळ्यात शेवटी सापडला, १९३२ साली, चॅडविकला. त्याच्यावर प्रभार नाही, म्हणून तो इतकी वर्षं हाती लागला नाही.

अणुअंक म्हणजे गट नंबर

आता मोजणी. सगळी मोजणी एका आकड्यावर उभी आहे, तो म्हणजे अणुअंक. अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या, दुसरं काही नाही. हा आकडा मूलद्रव्याचा सातबाऱ्यावरचा गट नंबर समजा. वावरात पीक बदलेल, मालक बदलेल, विहीर पडेल, पण गट नंबर तोच. गट नंबर बदलला की ते वावरच दुसरं. अकरा प्रोटॉन असले की तो सोडियम, मग बाकी काही असो. बारा झाले की मॅग्नेशियम.

हा अणुअंक सुरुवातीला नुसता अनुक्रमांक होता, मूलद्रव्य आवर्तसारणीत कितव्या घरात आहे तेवढंच तो सांगायचा. त्याचा केंद्रकाशी थेट संबंध आहे हे मोस्ली नावाच्या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून दाखवलं. कोबाल्ट आणि निकेल यांचा घोळ होता. वजनाला कोबाल्ट जास्त, ५८.९३, निकेल कमी, ५८.६९. वजनाच्या ओळीत निकेल आधी यायला हवा. पण गुणधर्म बघितले तर कोबाल्ट आधी बसतो. मोस्लीच्या मोजणीत कोबाल्ट २७ आणि निकेल २८ असं स्वच्छ आलं. गुणधर्म खरे ठरले, वजन फसवं निघालं. हा माणूस पहिल्या महायुद्धात १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७. कोबाल्टचा नंबरही २७, हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. या कोबाल्टकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण तो आपल्या जिल्ह्यातच आहे.

दुसरा आकडा अणुवस्तुमानांक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून जितके कण केंद्रकात आहेत तितका तो. म्हणून न्यूट्रॉन काढायचे तर अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा करायचा. सोडियमचा अणुवस्तुमानांक २३, अणुअंक ११. न्यूट्रॉन १२. प्रोटॉन ११. इलेक्ट्रॉन? अणू उदासीन आहे, म्हणजे एकूण प्रभार शून्य, म्हणजे जितके प्लस तितकेच मायनस. इलेक्ट्रॉन ११.

पोरं इथं एक चूक हमखास करतात. संज्ञेच्या डाव्या बाजूला एक आकडा वर आणि एक खाली लिहिलेला असतो, त्यात कोणता कोणता हे विसरतात. पाठ करायची गरज नाही. मोठा असतो तो अणुवस्तुमानांक, लहान तो अणुअंक. न्यूट्रॉन मोजून बेरीज केली तर ती प्रोटॉनपेक्षा कमी कशी होईल? साध्या हायड्रोजनमध्ये तेवढे दोन्ही आकडे सारखे, १ आणि १.

प्लस लिहिलंय म्हणून मिळवू नका

आयन आला की निम्मा वर्ग गारद होतो. पोटॅशियमच्या संज्ञेवर प्लसची खूण असली की पोरं इलेक्ट्रॉन १९ अधिक १ म्हणजे २० लिहून मोकळी होतात. उत्तर १८ आहे.

हे समजायला शेतकऱ्याच्या पोराला खरं तर अडचण यायला नको. इलेक्ट्रॉन हा मायनस आहे. म्हणजे ती उधारी समजा. दुकानदाराच्या वहीत तुमच्या नावावर एक उधारी आहे, ती फेडली. उधारी एकानं कमी झाली, पण तुमचं खातं एकानं वर आलं. तसं एक इलेक्ट्रॉन गेला की अणू प्लस एक होतो. एक इलेक्ट्रॉन जादा आला की मायनस एक. प्रोटॉनला कोणी हात लावत नाही, न्यूट्रॉनलाही नाही. आयन होताना फक्त इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण.

पोटॅशियम आयन म्हणजे प्रोटॉन १९, न्यूट्रॉन २०, इलेक्ट्रॉन १८. क्लोराइड आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन घेतलेला क्लोरीन, त्यात प्रोटॉन १७ आणि इलेक्ट्रॉन १८. कॅल्शियमवर प्लस दोन असेल तर प्रोटॉन २०, इलेक्ट्रॉन १८. गंमत बघा, तिघांचेही इलेक्ट्रॉन १८. तरी एक पोटॅशियम, एक क्लोराइड, एक कॅल्शियम, कारण गट नंबर वेगळे.

पोटॅशियम एकच इलेक्ट्रॉन का देतो? इलेक्ट्रॉन कवचांमध्ये बसतात. के कवचात २, एल कवचात ८, एम कवचात १८ पर्यंत मावतात. पण सगळ्यात बाहेरच्या कवचात आठापेक्षा जास्त ठेवत नाहीत. म्हणून पोटॅशियमची मांडणी २, ८, ८, १ अशी, २, ८, ९ अशी नाही. तो शेवटचा एकटा पडलेला इलेक्ट्रॉन लवकर सुटतो. क्लोरीनची मांडणी २, ८, ७. त्याला एक कमी आहे. एकाला एक नको, दुसऱ्याला एक हवा. दोघं भेटले की सौदा पक्का.

तो सौदा तुमच्या शेडमध्ये पडलेला आहे. म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी, जिच्यावर ०:०:६० लिहिलेलं असतं, ती म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मी पोरीला गोणीजवळ नेलं आणि म्हटलं, हा बघ तुझा क्लोरीन. तिला वाटत होतं क्लोरीन फक्त पाण्याच्या टाकीत टाकतात. द्राक्षवाल्यांना मात्र तो चांगला माहीत आहे, द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही म्हणून ते महागडं ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश घेतात.

जाता जाता त्या ६० बद्दल. तो साठ टक्के पोटॅशियम नाही. पालाश मोजायची जुनी रीत के-टू-ओ म्हणजे पोटॅशियम ऑक्साइड धरून आहे. प्रत्यक्षात पोटॅशियम क्लोराइडच्या गोणीत हे ऑक्साइड नसतंच. दोन पोटॅशियम म्हणजे ७८ आणि एक ऑक्सिजन १६, बेरीज ९४. ९४ भागांत ७८ भाग पोटॅशियम. या हिशेबानं ५० किलोच्या गोणीत ३० किलो पालाश आणि त्यातलं खरं पोटॅशियम २५ किलोच्या आसपास. खताच्या शिफारशी पालाशमध्येच दिलेल्या असतात, त्यामुळं शेतात टाकताना गोंधळ नको, आहे तेच चालू ठेवा. पण गोणीवरचा आकडा काय बोलतो हे कळलेलं बरं.

आयनातच एक जरा अवघड प्रकार आहे, अनेक अणू मिळून झालेला आयन. युरिया जमिनीत गेला की त्यातून अमोनियम तयार होतो. अमोनियम म्हणजे एक नायट्रोजन, चार हायड्रोजन आणि एकूण प्रभार प्लस एक. प्रोटॉन मोजा: नायट्रोजनचे ७, हायड्रोजनचे चार, एकूण ११. उदासीन असता तर इलेक्ट्रॉन ११ असते, एक गेला म्हणून १०. न्यूट्रॉन नायट्रोजनचे ७, साध्या हायड्रोजनचा एकही नाही, म्हणून ७. आधी सगळ्यांची बेरीज, प्रभाराचा हिशेब शेवटी एकदाच. पोरं प्रत्येक हायड्रोजनवर प्लस धरतात आणि फसतात.

आता ते साडेअठरा

मूळ मुद्द्यावर येऊ. बाजार समितीत कांद्याचे लिलाव झाले की संध्याकाळी मोबाइलवर तीन आकडे येतात. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. समजा एखाद्या दिवशी चारच ट्रॅक्टर आले. तिघांना क्विंटलला १३०० मिळाले, एकाला १५००. सरासरी निघाली १३५०. आता मला सांगा, त्या दिवशी १३५० रुपये भाव कोणाला मिळाला? एकालाही नाही. सरासरी खरी आहे, हिशेब चोख आहे, पण त्या भावाची पावती कोणाच्याच खिशात नाही.

क्लोरीनचं ३५.५ म्हणजे अगदी हेच. निसर्गातला क्लोरीन दोन प्रकारचा आहे. एकाचा अणुवस्तुमानांक ३५, दुसऱ्याचा ३७. प्रोटॉन दोघांतही १७, कारण दोघंही क्लोरीनच. फरक न्यूट्रॉनमध्ये, पहिल्यात १८, दुसऱ्यात २०. एकाच मूलद्रव्याच्या अशा भावांना समस्थानिकं म्हणतात, आवर्तसारणीत त्यांचं स्थान एकच म्हणून. चार क्लोरीन अणू उचलले तर ढोबळमानानं तीन ३५ वाले निघतात आणि एक ३७ वाला. तीन गुणिले ३५ म्हणजे १०५, त्यात ३७ मिळवले की १४२, भागिले चार, ३५.५. पुस्तकातला आकडा इथून आला.

म्हणजे ३५.५ हे अणुवस्तुमान आहे, सरासरी आहे. अणुवस्तुमानांक नाही. दोन्ही शब्दांत फरक फक्त शेवटच्या 'अंक'चा, पण तिथंच सगळं पाणी मुरतं. अणुवस्तुमानांक म्हणजे मोजलेले कण, तो नेहमी पूर्ण आकडा. अणुवस्तुमान म्हणजे वजन, त्यात अपूर्णांक येणारच. वजाबाकी करायची ती अंकातून. पोरीनं सरासरीतून वजाबाकी केली आणि साडेअठरा आले. ते साडेअठरासुद्धा अगदीच वाया जात नाहीत, ती न्यूट्रॉनची सरासरी आहे. तीन अणूंत १८, एकात २०, बेरीज ७४, भागिले चार, साडेअठरा! करून बघा.

तिच्या वर्गातल्या काही पोरांनी ३५.५ ला गोळाबेरीज करून ३६ केलं आणि न्यूट्रॉन १९ लिहिले. पूर्ण आकडा आहे म्हणून त्यांना कोणी हसलं नाही. पण खरं बघितलं तर ते उत्तर जास्त चुकीचं आहे. १९ न्यूट्रॉनवाला क्लोरीन-३६ किरणोत्सर्गी आहे आणि निसर्गात अगदी नावापुरता सापडतो. म्हणजे असा अणू धरला जो मिठाच्या खड्यात जवळपास नसतोच. तांब्याचंही तसंच. अणुवस्तुमान ६३.५, गोळाबेरीज ६४, पण तांबं निसर्गात ६३ आणि ६५ याच दोन प्रकारांत मिळतं. ब्रोमीन तर आणखी फसवा. त्याचं अणुवस्तुमान ७९.९, बघणारा डोळे झाकून ८० म्हणेल. पण निसर्गात ब्रोमीन ७९ आणि ८१ असा जवळपास निम्मा-निम्मा आहे. ८० वाला एकही नाही.

सोडियम, अॅल्युमिनियम, फॉस्फरस यांना निसर्गात एकच प्रकार आहे, तिथं गोळाबेरीज करून काम भागतं. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांचाही एकेक प्रकार इतका जास्त आहे की फरक पडत नाही. त्यामुळं पोरांना सवय लागते की आकडा पूर्ण करा आणि वजा करा. क्लोरीनवर येऊन ती सवय आपटते.

मग परीक्षेत करायचं काय? प्रश्नात क्लोरीन-३५ असं लिहिलं असेल किंवा अणुवस्तुमानांक दिला असेल तर काही प्रश्नच नाही. नुसतं ३५.५ दिलं असेल तर लिहायचं की हे सरासरी अणुवस्तुमान आहे, क्लोरीन-३५ मध्ये न्यूट्रॉन १८ आणि क्लोरीन-३७ मध्ये २०. एवढं लिहिलं तर कोणताही तपासणारा गुण कापणार नाही असं मला वाटतं. आणि प्रश्न काढणाऱ्यांना हात जोडून विनंती, न्यूट्रॉन विचारायचे असतील तर अणुवस्तुमानांक द्या. साडेपस्तीस देऊन पूर्ण आकड्याची अपेक्षा करणं म्हणजे सरासरी भाव सांगून पावती मागणं झालं.

एक न्यूट्रॉन जादा, आणि लासलगावचं केंद्र

न्यूट्रॉन मोजून काय मिळतं, असं पोरीच्या आईनं मधेच विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर लासलगावात आहे. तिथं भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं विकिरण केंद्र उभारलेलं आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून त्याच्यावर गामा किरणांचा मारा करायचा, हे त्याचं काम. २००७ साली अमेरिकेला आंबा गेला तो इथूनच प्रक्रिया होऊन. या किरणांचा उगम म्हणजे कोबाल्ट-६०.

मोजा. कोबाल्टचे प्रोटॉन २७. निसर्गातला कोबाल्ट सगळा एकाच प्रकारचा, ५९ चा, त्यात न्यूट्रॉन ३२. हा अगदी शांत, पिढ्यान्‌पिढ्या पडून राहील. अणुभट्टीत त्याच्यात एक न्यूट्रॉन घुसवला की ३३ होतात आणि कोबाल्ट-६० तयार होतो. प्रोटॉन तेच, इलेक्ट्रॉन तेच, रासायनिक गुणधर्म तेच. पण केंद्रक आता अस्थिर. त्यातला एक न्यूट्रॉन कधीतरी प्रोटॉन बनतो, त्या वेळी एक इलेक्ट्रॉन केंद्रकातून बाहेर फेकला जातो आणि पाठोपाठ गामा किरण निघतात. आता प्रोटॉन २८, न्यूट्रॉन ३२, बेरीज ६०च. पण गट नंबर बदलला! २८ म्हणजे निकेल. मोस्लीनं ज्या दोघांचा नंबर लावला, त्यातला एक दुसरा होऊन बसतो. साधारण सव्वापाच वर्षांत कोबाल्ट-६० चे निम्मे अणू असे निकेल होतात, पुढच्या सव्वापाच वर्षांत उरलेल्याचे निम्मे. म्हणून अशा केंद्रात कोबाल्ट अधूनमधून नवा भरावा लागतो.

आमच्या भागात अजूनही काही जण म्हणतात की असा कांदा खाल्ला तर किरणं पोटात जातात. तसं होत नाही, आणि का होत नाही तेही मोजणीतूनच कळतं. कोबाल्ट धातूच्या बंद नळ्यांत असतो, कांद्याला तो लागतच नाही. कांद्यातून जातात ते फक्त किरण. कांद्यातल्या कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजनच्या केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन हलवायला लागेल तेवढी ताकद त्या किरणांत नसते. केंद्रकातली मोजणी जशीच्या तशी राहते, म्हणून कांदा किरणोत्सर्गी होत नाही. किरणांमुळं कोंबाच्या जागच्या पेशींची वाढ थांबते, एवढंच. सड मात्र यानं थांबत नाही, चाळ हवेशीर लागतेच, हे कांदेवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आणि किरणोत्सर्गाचीच भीती असेल तर पुन्हा त्या पोटॅशच्या गोणीकडं बघा. निसर्गातल्या दर दहा हजार पोटॅशियम अणूंत साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो. प्रोटॉन १९, न्यूट्रॉन २१. हा किरणोत्सर्गी आहे. त्याचे निम्मे अणू संपायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. तो गोणीत आहे, केळ्यात आहे, बटाट्यात आहे, कुठल्याही कांद्यात आहे, तुमच्या-माझ्या अंगातही आहे. प्रमाण इतकं थोडं की माणूस त्याच्यासह सुखानं जगत आला.

सरावासाठी

पोरांनी हे चार सोडवावेत, उत्तरं खाली आहेत, आधी बघू नयेत. एक, अॅल्युमिनियम-२७ चा प्लस तीन आयन, अणुअंक १३. दोन, सल्फर-३२ चा मायनस दोन आयन, अणुअंक १६. तीन, लोह-५६ चा प्लस तीन आयन, अणुअंक २६. चार, युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८, अणुअंक ९२. शेवटचा तारापूरच्या अणुभट्टीतला आहे.

उत्तरं प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन या क्रमानं. अॅल्युमिनियम १३, १०, १४. सल्फर १६, १८, १६. लोह २६, २३, ३०. युरेनियम दोन्हींत प्रोटॉन ९२, इलेक्ट्रॉन ९२, न्यूट्रॉन पहिल्यात १४३ आणि दुसऱ्यात १४६. इलेक्ट्रॉन चुकले असतील तर उधारीचं गणित पुन्हा वाचा.

पोरीनं चारही सोडवले, लोहाला जरा वेळ लागला. तिचे चाचणीतले गुण काही वाढले नाहीत, ते आता वाढणारही नाहीत. सायन्सचंही अजून ठरलेलं नाही. पण जाताना तिनं मलाच प्रश्न टाकला, "काका, ज्याच्यात एकसुद्धा न्यूट्रॉन नाही असा अणू सांगा." मी आवर्तसारणी उघडून वरपासून बघायला लागलो, तर ती दारातूनच म्हणाली, "वर लिहिलाय की तुम्हीच. हायड्रोजन. एक वजा एक."